वादविवादासाठी मुलांना कसं तयार करावं

वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवणारं मूल वादविवादात पहिल्याच फेरीत अडखळतं, हे गोव्यात बऱ्याचदा दिसतं. भाषण पाठ असतं. समोरचा काय म्हणाला, ते ऐकलेलंच नसतं. म्हणून तयारी ऐकण्यापासून सुरू करा.

गट 8 ते 12 मुलांचा, बैठक आठवड्यातून एकदा, दीड तासाची. विषय मुलांच्या डोळ्यांसमोरचा घ्या. ‘दुपारी दुकानं बंद ठेवायची पद्धत सोडून द्यावी’ हा विषय इथे चांगला चालतो. भर दुपारी ओढलेली शटरं प्रत्येकाने पाहिलेली असतात आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं असतं. म्हादई नदीच्या पाण्याचा वाद, खाणी हे विषय पहिल्या महिन्यात नकोत. घरात ऐकलेली मतं मुलं तशीच्या तशी आणून ठेवतात.

पहिल्या बैठकीत भाषण कोणीच करायचं नाही. जोड्या पाडा. एकाने मिनिटभर बोलायचं, दुसऱ्याने ते दोन वाक्यांत परत सांगायचं. ‘हो, मी हेच म्हटलं’ असं पहिल्याने कबूल केल्यावरच उत्तर द्यायचं. यात दोन बैठका गेल्या तरी जाऊ द्यात.

मग मुद्दा बांधायला शिकवा: दावा, कारण, पुरावा, परिणाम. ‘दुकानं उघडी ठेवली तर धंदा वाढेल’ हा नुसता दावा. ‘कशावरून?’ असं तीनदा विचारा. दुसऱ्या वेळी मूल गप्प होतं, खरं काम तिथून पुढे. त्याला वही देऊन बाजारात पाठवा: 1 ते 4 या वेळात किती दुकानं उघडी होती, किती गिऱ्हाईक आलं, मोजून आण. स्वतः मोजलेला आकडा घाबरल्यावरही आठवतो.

खंडनासाठी कागद मधोमध दुमडायचा. डावीकडे समोरच्याचा मुद्दा तीन-चार शब्दांत, उजवीकडे आपलं उत्तर. पूर्ण वाक्य लिहीत बसलं की पुढचं ऐकायचं राहतं. ‘धंदा वाढेल’ याला ‘ही आपली परंपरा आहे’ हे उत्तर नव्हे, तो वेगळाच मुद्दा झाला. ‘एकट्याने दुकान चालवणाऱ्याला दुपारसाठी माणूस ठेवावा लागेल, तेवढ्या विक्रीत त्याचा पगार कसा निघेल?’ हे उत्तर.

भाषण 4 मिनिटांचं. तिसऱ्या मिनिटाला एक घंटा, चौथ्याला दोन. भाषण लिहून काढू देऊ नका, कार्डावर सहा-सात शब्द पुरे. बाजू चिठ्ठी टाकून ठरवा आणि पुढच्या वेळी उलटी द्या.

भाषेचं मात्र जपून. घरी कोकणी, प्राथमिक शाळा मराठीत, पुढची पुस्तकं इंग्रजीत अशी कित्येक मुलांची वाट असते. ‘म्हाका दिसता’ (मला वाटतं) म्हणून सुरुवात करणाऱ्याला मध्येच अडवलं, तर तो पुढचं कारणही गिळतो. मुद्दा आधी कोकणीत पूर्ण होऊ द्या, मग तोच मराठीत सांगायला लावा. चुका शेवटी सांगा, एका वेळी एकच.

नोकरीच्या मुलाखतीलाही हीच तालीम. ‘मी मेहनती आहे’ म्हटलं की विचारा, ‘कशावरून?’ प्रश्न पूर्ण ऐकून, क्षणभर थांबून, दीड मिनिटाच्या आत उत्तर. ते मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मुलाला एकट्यालाच ऐकवा, गटासमोर नको.