टेस्टमध्ये दोन बिलं सारखी आहेत का, हे कसं तपासावं

किराणा दुकानाच्या बिलिंग प्रोग्रॅमची टेस्ट लिहायची आहे, असं धरू. फंक्शन एक बिल तयार करून देतं. त्यात ग्राहकाचं नाव, वस्तूंची यादी, एकूण रक्कम, बिल नंबर आणि बिल झाल्याची वेळ असते. नुसता आकडा ताडून बघणं सोपं असतं. बिलाच्या बाबतीत मात्र 'सारखं' म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवावं लागतं. उदाहरणं पायथन भाषेची आणि तिच्यातल्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्ट या साधनाची घेतो.

सर्वांत आधी बिलाचा क्लास बघा. पायथनमध्ये लिस्ट आणि डिक्शनरी आतल्या मजकुरावरून ताडल्या जातात, पण आपण लिहिलेल्या साध्या क्लासचं तसं नाही. अक्षर न अक्षर जुळणारी दोन बिलंही तिथे वेगळी ठरतात, कारण मेमरीत ती दोन वेगळी ऑब्जेक्ट्स असतात. क्लासवर डेटाक्लास डेकोरेटर लावा, म्हणजे क्लासच्या डोक्यावर लिहायची खूण, जी त्यात जादा सोयी घालते. पायथन 3.7 पासून तो भाषेतच आहे आणि फील्डनुसार तुलना करणारी मेथड तो आपोआप देतो.

मग अपेक्षित बिल पूर्ण तयार करा आणि एकाच असर्टमध्ये (अट खोटी ठरली तर टेस्ट पाडणारी ओळ) ताडा. नावासाठी एक, रकमेसाठी दुसरं, अशी असर्टची रांग लावू नका. मी अशीच रांग लावली होती. पुढे बिलात सवलतीचं फील्ड आलं, त्याचा हिशोब चुकत होता, आणि टेस्ट मात्र हिरवीच, म्हणजे पास. त्या फील्डकडे कोणी बघतच नव्हतं! शिवाय रांगेतलं पहिलं असर्ट पडलं की पुढची चालतच नाहीत. पूर्ण बिल ताडलं, तर कुठली फील्डं जुळली नाहीत ते पायटेस्ट एकदम दाखवतं. तपशील कापलेला दिसला, तर दोन व्ही असलेला व्हर्बोज पर्याय (-vv) देऊन पुन्हा चालवा.

वेळ आणि बिल नंबर दरवेळी बदलणारच. शक्य असेल तर घड्याळ आणि नंबर देणारं फंक्शन बाहेरून पुरवा, म्हणजे टेस्टमध्ये ठरावीक किंमत देता येते. ते जमत नसेल, तर अपेक्षित बिलात त्या जागी पायथनच्या मॉक मॉड्यूलमधलं एनी (ANY) ठेवा, ते कशाशीही जुळतं. डेटाक्लासमध्ये ते फील्ड तुलनेतून कायमचं वगळताही येतं, पण तो नियम टेस्टपुरता न राहता सगळ्या प्रोग्रॅमला लागू होतो. म्हणून मी ते टाळतो.

वस्तूंचा क्रम महत्त्वाचा नसेल, तर दोन्ही याद्या सॉर्ट करून ताडा. त्यांचे सेट बनवू नका. साखरेच्या दोन सारख्या नोंदी असतील, तर सेटमध्ये एकच उरते आणि चूक लपते.

राहिले पैसे. फ्लोटमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या दशांश संख्यांमध्ये, 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.3 च्या बरोबर येत नाही, कारण हे अपूर्णांक बायनरीत नेमके मावत नाहीत. रक्कम पायथनच्या डेसिमल प्रकारात (दशांश नेमके ठेवणारा) किंवा पूर्णांक पैशांत ठेवा. वजनासारखी मोजमापं फ्लोटमध्येच असतील, तर पायटेस्टचं अप्रॉक्स वापरा. ते दहा लाखांत एक इतका फरक चालवून घेतं, हवा तर तो बदलता येतो. एकात एक गुंफलेल्या डिक्शनरीवर मात्र ते चालत नाही, तिथे आतल्या आकड्यांनाच लावावं लागतं.

टेस्ट हिरवी झाली, की अपेक्षित बिलातला एक रुपया मुद्दाम बदला आणि पुन्हा चालवा. ती लाल झाली आणि फरक नेमका त्या रुपयावर दाखवला, तरच बदल मागे घेऊन कोड कमिट करा.