थंडीत गळ रिकामा येतो, कारण या चुका टाळत नाही

डिसेंबर लागला की नाशिकच्या गंगापूर धरणाच्या काठावर नवे गळवाले उगवतात. नवा रॉड, नवं रीळ, टोपीसुद्धा नवी. संध्याकाळी पिशवी रिकामी आणि निष्कर्ष ठरलेला: जाळेवाल्यांनी धरण धुऊन नेलं, आता मासे उरले कुठे! दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच धरणाचा रोहू घासाघीस करून विकत घेतील, पण आपलं काय चुकलं ते विचारणार नाहीत.

म्हणून हे लिहायला घेतलं. दरवर्षी तेच तोंडी सांगून कंटाळा आलाय.

पहिली चूक: पहाटेचा हट्ट

"मासा पहाटेच लागतो" हे ज्याने सांगितलं त्याने ते एप्रिल-मेबद्दल सांगितलं होतं. उन्हाळ्यात दुपारी काठाचं पाणी तापतं, मासा खोल जातो, म्हणून पहाट आणि संध्याकाळ धरायची. जानेवारीत गणित उलटं होतं. निफाडचा पारा 5 अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण दर एक-दोन वर्षांनी वाचतो. अशा रात्री काठाचं उथळ पाणी सगळ्यांत आधी गार पडतं. खोल पाणी ऊब धरून राहतं, आणि मासाही तिथेच राहतो. तुम्ही मात्र कुडकुडत नेमक्या त्या उथळ, गारठलेल्या पट्ट्यात गळ सोडून बसलेले असता.

माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं गार तेवढं त्याचं शरीर गार, आणि शरीर गार म्हणजे पचन मंद. रोहू, कटला, मृगळ हे तिन्ही उबेतले मासे. पाणी 20 अंशांच्या खाली उतरलं की त्यांची भूक कमी होते. पोटातलं जिरलं नसेल तर तो तुमच्या कणकेच्या गोळीकडे ढुंकूनही बघत नाही.

माझा भाचा आणि त्याचे सिडकोतले मित्र एका जानेवारीत गंगावऱ्हे बाजूला गेले होते. पहाटे पाचला काठावर हजर. शेकोटी, स्पीकर, रॉडला लावायची लुकलुकणारी घंटी, सगळा सरंजाम. जागा निवडली टेकडीच्या आडोशाची, वारा लागू नये म्हणून. वारा लागला नाही हे खरं, पण ऊनही दहा वाजेपर्यंत लागलं नाही. मी साडेदहाला डबा घेऊन पोचलो तर मंडळी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळत होती. भाचा म्हणाला, "मामा, पाण्यात जीवच नाहीये. आम्ही निघतो, मिसळ खाऊन घरी." मी म्हटलं, "अरे, आत्ता तर ऊन पाण्याला लागतंय, बस की दोन तास." पण पोटात कावळे ओरडत असताना कोण ऐकतंय!

ते गेले. मी थोडं पुढे, जिथे काळा खडक थेट पाण्यात उतरतो आणि सकाळपासून ऊन पडतं, तिथे बसलो. बारापर्यंत काही नाही. साडेबारानंतर दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा फ्लोट थरथरायला लागला. दिवसभरात एक बऱ्यापैकी मृगळ आणि चार-पाच चिलाप्या. फोटो काढून मिरवावं असं त्यात काही नव्हतं, कालवणापुरतं होतं.

माझी सवय सांगतो: डिसेंबर-जानेवारीत घरून जेवून निघतो, अकराच्या सुमारास काठावर, चारला आवरतं. आदल्या रात्री फार गारठा असेल तर जातच नाही. आणि दुपारचा वारा ज्या काठावर येऊन आपटतो तो काठ धरतो, कारण वरचं कोमट पाणी वारा तिकडेच ढकलत असतो. बोचरा वारा असेल तर मात्र आडोसा बरा, पण उन्हातला.

दुसरी चूक: चाऱ्याचा ढीग

त्याच पोरांची ही दुसरी करामत. दोनेक किलो शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, बिस्किटांचा चुरा, वरून व्हॅनिला इसेन्सची अख्खी बाटली. सगळं पहाटे एका जागी ओतलं. व्हिडिओत तसंच दाखवतात म्हणे. व्हिडिओ कुठल्या तळ्यावरचा आणि कुठल्या महिन्यातला, हे कोणी बघत नाही.

हिवाळ्यात गाळ खाली बसतो, पाणी नितळ होतं. चार वाजता परतताना मी मुद्दाम त्यांच्या जागेवर वाकून पाहिलं. पेंडीचे गोळे जसेच्या तसे तळाशी. काही फुगून फुटले होते, पण कोणी तोंड लावलेलं नव्हतं. थंडीत चाऱ्याचं असंच होतं. येणारे मासे थोडे, त्यांची भूक त्याहून थोडी. जे आले ते दोन घास फुकटातले खाऊन निघून जातात, गळावरच्या आमिषाची त्यांना गरजच उरत नाही. उरलेला चारा आंबतो आणि ती जागा पुढचे काही दिवस खराब होते.

मूठभर चारा, तोही बारीक चाळलेला. अर्ध्या तासाने फ्लोट हलला तर आणखी चिमूट, नाहीतर नाही. इसेन्सच्या बाटल्या आणि "हमखास मासा" असं छापलेली तयार पाकिटं मला पटत नाहीत. थोडी भाजलेली बडीशेप कुटून घालतो, तेवढं पुरतं. खरं तर थंडीत कणकेपेक्षा गांडुळाचा छोटा तुकडा बरा चालतो, पण हात खराब होतात म्हणून नव्या लोकांना तो नको असतो.

बाकीच्या, भराभर

जाड तंगूस आणि मोठा गळ. नितळ पाण्यात मासा दोन्ही बघतो. बारीक घ्या. तुमच्या स्वप्नातला दहा किलोचा कटला आज येणार नाहीये.

फ्लोट बुडायची वाट बघणं. थंडीत मासा आमिष तोंडात घेतो, चघळतो, टाकून देतो. फ्लोट बोटभर सरकतो किंवा नुसता आडवा होतो, तेवढाच इशारा. दोरीला शिशाचं वजन कमी लावा, म्हणजे हा इशारा दिसेल. मोबाइल बघत बसलात तर दिसणार नाही.

दर दहा मिनिटांनी जागा बदलणं. याला काय म्हणावं!

पाण्याची पातळी न बघणं. रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी, सुटलं की धरण उतरायला लागतं आणि काठाचा मासा आत सरकतो. मी पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवतो. तासाभरात पाणी काडीपासून मागे गेलं तर लांब फेकतो, नाहीतर सरळ दुसरं धरण. दारणा आहे, मुकणे आहे. उतरलेल्या पाण्याच्या कडेला मात्र सांभाळून पाऊल टाका. वर सुकलेला दिसणारा गाळ आत गुडघाभर मऊ असतो.

थंडीत मरळीच्या मागे लागणं. मरळ हवा घ्यायला वर येते, पण गार पाण्यात तिला ती गरज कमी लागते. गळाला लावलेला बेडूक ओढत काठ पालथा घालण्यापेक्षा होळीनंतर जा.

नांदूर मध्यमेश्वरला गळ घेऊन जाणं. ते पक्षी अभयारण्य आहे, रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण. हिवाळ्यात तिथे दुर्बीण घेऊन जायचं. दुसऱ्या धरणांवरही मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारा, पावती असेल तर फाडा. त्यांच्या जाळ्यांच्या आसपास गळ टाकू नका. जाळं अडकून फाटलं तर नुकसान त्यांचं होतं आणि शिव्या पुढच्या गळवाल्याला बसतात. धरणाची भिंत आणि सांडवा यांच्या जवळ जायचंच नाही.

कार्बनचा रॉड विजेच्या तारांखाली उभा करणं. त्यातून वीज उतरते. काठाने तारा गेल्या असतील तर रॉड आडवा धरून चाला, आणि तिथे गळ टाकायला बसू नका.

तुटलेला तंगूस काठावर टाकून येणं. बगळे, पाणकोंबड्या त्यात पाय अडकून मरतात. खिशात गुंडाळून घरी आणा, कात्रीने बारीक तुकडे करा आणि मग कचऱ्यात टाका.

आणि कुठलं रीळ घ्यावं असं विचारणाऱ्यांना: जे आहे ते चालेल. आधी दुपारी जाऊन बघा.