कुंडीतले बारीक कोळी: औषध ओतण्याआधी या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की मला ठरलेले मेसेज येऊ लागतात. "ताई, मातीत बारीक बारीक काहीतरी पळतंय, काय टाकू?" सोबत फोटो. फोटोत काळी माती आणि तिच्यावर एक धुरकट ठिपका. किडा कोणता हे जाणून घ्यायची कुणाला घाई नसते, औषधाचं नाव मात्र आत्ताच्या आत्ता हवं असतं.

हीच चूक सगळ्यांत महागात पडते. मला पडली आहे.

गच्चीवर पाल्याची माती करायला घेतल्याचं पहिलंच वर्ष. सुका पाला, शेण, नारळाच्या शेंड्या, थोडं गांडूळ खत. जुलैत टोमॅटोच्या कुंडीतलं आच्छादन उचललं तर खाली बदामी रंगाचे कोळी (इंग्रजीत माइट, घरात भिंतीवर दिसणारे कोळी नव्हेत) सैरावैरा धावत होते. आकार जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. मी ठरवून टाकलं, हा पानांचा रस शोषणारा लाल कोळी. रोपं विकणाऱ्याने कुंडी न बघताच एक बाटली हातात ठेवली आणि मी शहाणी, सांगितल्यापेक्षा थोडं जास्तच ओतलं. दुसऱ्या दिवशी पळापळ बंद. खूश झाले.

महिन्याभरात चिलटं. कुंडीला हात लावला की ढग उठायचा. शेजारच्या ट्रेमधली मिरचीची रोपं एकेक करून माना टाकू लागली. माती उकरली तर मुळांशी काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या पारदर्शक अळ्या. चिलटांच्या. त्या अळ्या खाणारे बदामी कोळी मी स्वतःच्या हाताने मारले होते. मग पिवळे चिकट कार्ड, वरचा थर कोरडा ठेवणं आणि शिकारी कोळी परत यावेत म्हणून गावच्या आंब्याखालचा ओंजळभर कुजलेला पाला असं सगळं करता करता हिवाळा लागला, तेव्हा कुठे आच्छादनाखाली पुन्हा धावपळ दिसली. इतका आनंद मला पहिल्या टोमॅटोचाही झाला नव्हता.

तेव्हापासून मी रंग नंतर बघते, चाल आधी. चमचाभर माती पांढऱ्या बशीत पसरायची, दहा पटीचं भिंग घ्यायचं आणि दोन मिनिटं नुसतं बसायचं. (ही दोन मिनिटंच लोकांकडे नसतात.) बदामी आणि सुसाट धावणारा बहुधा शिकारी. गोल, तपकिरी, चकचकीत, मोहरीचं पिल्लू वाटावं असा संथ प्राणी कवचधारी कोळी. काडीने डिवचलं तर पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो. तो कुजका पाला आणि बुरशी खातो, तुमच्या झाडाशी त्याचं भांडण नाही. उडी मारून गायब झाला तर तो कोळीच नव्हे, स्प्रिंगटेल. त्याला सहा पाय आणि मिशा असतात, कोळ्याला मिशा नसतात आणि मोठ्या कोळ्याला पाय आठ. स्प्रिंगटेलही निरुपद्रवी.

खरा लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला राहतो. पानावर फिकट ठिपके, बारीक जाळी आणि जोर उन्हाळ्यात, कोरड्या हवेत. पांढऱ्या कागदावर पान झटका, ठिपके चालू लागले तर तोच. त्याच्यासाठी माती भिजवून काय होणार? पानाखाली पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारा. आणि घरात आहे म्हणून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक वापरू नका. ते कोळी मारत नाही, उलट त्यानंतर कोळी वाढल्याचं अनेक पिकांत दिसलं आहे.

माझा दुसरा राग पांढऱ्या कोळ्यांवर नाही, त्यांना जेवायला बोलावणाऱ्यांवर आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी गुलाबाला मूठ-मूठ शेंगदाणा पेंड दिली, वरून रोज पाणी. आठवड्यात मातीवर पांढरी पूड पसरली आणि काकू म्हणाल्या, "अगं, ही पूड हलतेय!" भिंगातून बघितलं तर लुसलुशीत, केसाळ, संथ कोळी, शेकड्यांनी. ते पेंड आणि तिच्यावरची बुरशी खात होते. गुलाबाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ताक, डाळीचं पाणी, केळीची सालं थेट कुंडीत टाकणाऱ्यांकडे हेच होतं. झटपट खत म्हणे! आधी कुजवा, मग घाला. उपाय माझा साधा: वरची अर्धा इंच माती खरवडायची, पाणी थांबवायचं आणि संध्याकाळी बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवायची. सकाळी खालून कोळ्यांनी भरलेली चकती उचलून फेकायची. तीन-चार रात्री पुरतात.

एक अपवाद आहे. लिली किंवा ग्लॅडिओलसचा कंद मऊ लागला आणि आत मोत्यासारखे पांढरे, तपकिरी पायांचे कोळी थव्याने दिसले, तर ते कंदमुळांवरचे कोळी. बहुतेकदा ते जखम झालेल्या, कुजायला लागलेल्या कंदातच शिरतात. तो कंद कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

बाकीचं थोडक्यात. उकळतं पाणी ओतू नका, मुळं शिजतात. जिवंत माती उन्हात भाजू नका, मग ती जिवंत राहत नाही. डायटोमेशियस अर्थ ही किडे मारायची खनिज पूड ओल्या मातीत वाया जाते. गांडूळ खताच्या नव्या पिशवीत कोळी दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका, पिशवी उघडून सावलीत दोन दिवस पसरा.

आणि "कुंडीतले किडे चावतात" म्हणणाऱ्यांनो, मातीतले हे कोळी माणसाला चावत नाहीत. हातावर लाल पुरळ असेल तर एसीच्या मागे किंवा रिकाम्या कुंडीत कबुतराचं घरटं आहे का ते बघा. पिल्लं उडून गेली की तिथले उपाशी कोळी घरात शिरतात. रिकामं घरटं मास्क आणि हातमोजे घालून, आधी पाणी शिंपडून काढा.