अख्खी दालचिनी कशी वापरावी: मसालेभातापासून नानकटाईपर्यंत

दालचिनीची विकतची पूड उघडून काही महिने झाले की तिच्यात रंग तेवढा उरतो. अख्खी काडी मात्र कोरड्या बरणीत दोन-तीन वर्षं सहज वास धरून राहते. म्हणून घरात काडीच आणावी आणि पूड लागेल तेव्हा, लागेल तेवढीच करावी.

घेताना काडी नीट बघा. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा तुर्भ्याच्या मसाला मार्केटात नुसतं ‘दालचिनी’ म्हटलं, तर बहुतेक वेळा जाड, कडक, लालसर साल हातात पडते. ती कॅशिया, चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियात होणारी. तिखट आणि दमदार असल्यामुळे मटण, वाटण, मसालेभात यांना तीच शोभते. श्रीलंकेची सिलोन दालचिनी फिकट असते, पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळलेले असतात आणि बोटांत दाबली की ती चुरते. गोडाला माझी पसंती हिलाच. कॅशियात कूमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते सतत, भरपूर पोटात जाणं यकृताला चांगलं नाही. रोज दालचिनी घेण्याची सवय असेल, तर सिलोनच घ्यावी.

दालचिनीचा वास मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड या तेलकट द्रव्याचा असतो. ते पाण्यात फारसं उतरत नाही, तुपा-तेलात चटकन उतरतं. शिजत आलेल्या भातात काडी खोचली तर म्हणूनच काही हाती लागत नाही. दोन वाट्या तांदळाला बोटाच्या एका पेराएवढा तुकडा पुरे. तूप तापलं, पण अजून धूर नाही, अशा वेळी दालचिनी, लवंग आणि तमालपत्र घाला. वास सुटला की लगेच भाज्या आणि तांदूळ टाका. तुकडा काळा पडला तर भात कडवट होतो. अशा वेळी तूप ओतून द्यावं आणि फोडणी नव्याने करावी. वाढण्याआधी तुकडे काढून टाकायला विसरू नका. तुटलेल्या सालीच्या कडा टोकदार असतात.

बेकिंगमध्ये काडी थेट पिठात जात नाही, तिचा वास आधी दुधात किंवा तुपात उतरवावा लागतो. केकसाठी दूध असं करा:

१. एक कप दुधात दोन इंचांची काडी मोडून घाला.
२. मंद आचेवर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा. खळखळ उकळू नका.
३. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. खरं काम या अर्ध्या तासातच होतं.
४. गाळून पुन्हा मोजा, आटलं असेल तेवढं साधं दूध घाला. पूर्ण गार झाल्यावरच मिश्रणात ओता, नाहीतर फेटलेलं लोणी वितळेल.

नानकटाईसाठी तुपाची रीत मला जास्त आवडते. शंभर ग्रॅम तुपात एक काडी अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा, तासभर झाकून मग गाळा. तूप पुन्हा थिजू द्या आणि नेहमीसारखं पिठीसाखरेबरोबर फेटा. वास प्रत्येक घासात सारखा येतो आणि पूड घातल्यावर येणारा खरखरीतपणा अजिबात नसतो.

यीस्ट घालून बन करणार असाल तर दालचिनी कणकेत मळू नका, तिच्यामुळे यीस्टचं काम मंदावतं. लोणी-साखरेच्या सारणात घाला. पूड थोडीच हवी असेल तर जाड काडी जायफळाच्या किसणीवर किसता येते. सिलोनची काडी खलबत्त्यात कुटून चाळणं सोपं.

दुधातून काढलेली काडी धुऊन खडखडीत वाळवली तर एकदा चहाला चालते. पावसाळ्यात, खाडीकाठच्या दमट हवेत ती वाळत नाही, बुरशी धरते. तेव्हा टाकूनच द्या.