सोयाबीन पिवळं पडलं? युरियाआधी गाठ फोडून बघा

पेरणीला महिना होतो, रान पिवळसर दिसायला लागतं आणि युरियाची गोणी बांधावर येते. थांबा. कुदळीने चार झाडं मातीच्या ढेकळासकट काढा आणि मुळं बादलीत धुवा. झाड उपटू नका. उपटलं की मुळांवरच्या गाठी मातीतच तुटून राहतात आणि 'आमच्या रानात गाठीच धरत नाहीत' असा भलताच निकाल लागतो.

या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र (नायट्रोजन) बांधून झाडाला देतात. आता नखाने गाठ फोडा. आतून गुलाबी-तांबूस असेल तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीतला मोकळा ऑक्सिजन तो कमी ठेवतो, कारण हवेतलं नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे जिवाणूंचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनपुढे टिकत नाही. पांढरी गाठ एक तर कोवळी, नाही तर बिनकामाची. हिरवट-तपकिरी असेल तर थकलेली. शेंगा भरताना तशी दिसली तर घाबरू नका.

गाठी गुलाबी आहेत, तरी पिवळेपणा आहे? मग पानं बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर कमतरता लोहाची. चुनखडीच्या काळ्या रानात पाऊस लागून राहिला की हे दिसतंच, आणि तिथे युरिया म्हणजे पैसे पाण्यात. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राचा संशय घ्या. वरून भरपूर नत्र दिलं की गाठी मंदावतात. आयतं मिळत असताना झाड जिवाणूंना साखर कशाला पुरवेल?

गाठीच नसतील तर बहुतेक वेळा बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला जिवाणू चोळणं, फसलेली असते. रायझोबियमचं, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंचं पाकीट उन्हात तापलेलं, ते चिकटवायचं गुळाचं पाणी गरम असतानाच ओतलेलं, किंवा जिवाणू आधी आणि बुरशीनाशक नंतर चोळलेलं. क्रम बरोबर उलटा हवा. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरा. उरलेलं पाकीट रब्बीत हरभऱ्याला वापरू नका: सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जातीचा जिवाणू लागतो, हरभऱ्याचे जिवाणू वेगळे.

पाणी साचलं असेल तर आधी चर काढा, गाठींनाही हवा लागते.

आणि गाठ बोटाने निखळत नसेल, मूळच फुगल्यासारखं दिसत असेल, तर ती गाठ रायझोबियमची नाही, सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक किड्याची आहे.