आधी डिझेलची वही घाला, मग देशाचं बोला

परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग अशी बातमी टीव्हीवर यायची तेव्हा आमच्याकडं लोक हसायचे पण, कारण काय तर तेलाचा डेपो पडला मनमाडकडं, तिनशे किलोमीटरच्या पुढं, टँकरचं भाडं आपल्याच माथी. म्हणजे तेल आणायला पण तेलच जाळायचं. देशाचं कच्चं तेल तर ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून येतंय, तिकडं आखातात खुट्ट झालं की इकडं रानात नांगरटीचा भाव वाढला.

टपरीवर इथेनॉल, ईव्ही, सोलर यावर भांडणं चालूच असतात, त्यावर बोलतो खाली, पण आधी घरचं तेल कसं कमी करायचं ते बघा, अन क्रमानं करा, लोक उलटं करायलेत, हप्त्यावर नवी गाडी घेतात अन ट्रॅक्टरची गळती तशीच.

तर पहिलं वही घाला. टाकी फुल करा, काम करा, परत फुल करा, जेवढं बसलं तेवढं जळलं, भागिले एकर. नांगरटीचं वेगळं, रोटाचं (म्हणजे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर) वेगळं, पेरणीचं वेगळं लिहा. एक हंगाम लिहिलं की दिसतं पैसा कुठं जायलाय. मला वाटायचं मोटरसायकल लई खाती, वही बघितली तर रोटा खायलता.

मग गळती. डिझेल पाईपातून सेकंदाला एक थेंब गळायला तर कोणी लक्ष देत नाही, पण हिशोब लावा, वीस थेंबाला एक मिली धरलं तरी चोवीस तासात चार लिटरच्या वर जातं. एअर फिल्टर साफ ठेवा, आपल्या मातीत धूळ लई असती. काळा धूर निघायला म्हणजे न जळलेलं डिझेल वर उडायलंय. हलक्या कामाला वरचा गिअर अन कमी रेस. अन ट्रॅक्टरवर बसून तालुक्याला चहा प्यायला जाणं बंद करा राव.

खरी बचत मात्र फेऱ्यात आहे. नांगरट, मोगडणी, रोटा, परत रोटा, हे दर वर्षी कशाला? खोल नांगरट दोन-तीन वर्षातून एकदा केली तरी चालती. सोयाबीन काढलं की ओल असेपर्यंत हरभरा तसाच न नांगरता पेरता येतो, शून्य मशागत म्हणतात त्याला. सोयाबीनला बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरीचं पेरणी यंत्र लावलं तर सरी-वरंबा अन पेरणी एकाच फेरीत होतंय, पाऊस जास्त झाला तर सरीतून निघून जातो, कमी झाला तर ओल टिकती. एक सांगतो, नांगरट सोडली की पहिल्या वर्षी तण वाढतं, तणनाशकाचा खर्च येतो, म्हणून सगळ्या रानात करू नका, एक एकरावर करून बघा.

डिझेल इंजिनवर पाणी उपसत असाल तर ते आधी काढा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत आपल्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के भरायचे, एससी-एसटीला ५ टक्केच. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. अर्ज करायच्या आधी चैत्रात विहिरीत डोकावून बघा, पाणीच नसेल तर सूर्य काय करणार. पॅनल पुसत जा, धुळीनं पाणी कमी पडतं अन लोक कंपनीला शिव्या घालतात. ढगाळ दिवसात पंप दमतोच, म्हणून सोबत ठिबक पाहिजे.

गोबरगॅस जुना विषय, पण घरगुती गॅस पण निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतो हे विसरतात लोक. चार-पाच जनावरं असतील तर रोजचं ५० किलो शेण अन तेवढंच पाणी, दोन घनमीटरचा प्लँट चालतो, महिन्याला दीड टाकीच्या आसपास गॅस निघतो, वरून स्लरी, म्हणजे उरलेला शेणाचा काला, रानाला. पहिल्यांदा भरल्यावर काही आठवडे धीर धरा, सुरुवातीचा गॅस पेटत नाही, सोडून द्यायचा. थंडीत कमी निघतो. साबणाचं पाणी आत जाऊ देऊ नका. अडचण एवढीच की ट्रॅक्टर आला अन गोठा रिकामा झाला, आता शेण आणायचं कुठून.

आता टपरीचं भांडण. कोणी इंधनाचं कौतुक करायला लागला की विचारा, पाणी कुठून, वीज कुठून.

पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आता सगळीकडं आलंय. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असती, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं, ते झालंच. जुनी गाडी असेल तर रबरी पाईप अन सील तपासून घ्या. माझी अडचण वेगळीच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात लिहिलंय, उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी लागतं. अन २०१६ ला लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणलं होतं आपण! मळीचं इथेनॉल करा, साखर केल्यावर मळी तशी पण निघतेच, पण इथेनॉलसाठी मराठवाड्यात ऊस वाढवणं म्हणजे तेल वाचवून पाणी जाळणं झालं. शेतकऱ्याला दोष देत नाही, उसाला भावाची हमी आहे, तुरीची काय गॅरंटी? मक्याचं बरं वाटतं, सिल्लोड-कन्नडकडं होतोय, पण मका तिकडं वळला की कोंबडीवाले ओरडतात, त्यांचं खाद्य तेच. आधी बायोडिझेलसाठी मोगली एरंड (जट्रोफा) पण आलता, पाणी लागत नाही म्हणून बांधाबांधावर लावला लोकांनी, बिया कोणी घेतल्याच नाहीत. गोड ज्वारीपासून इथेनॉलचा प्रयोग नांदेडला झालता, तो पुढं न्यायला पाहिजे होता असं मला वाटतं, ज्वारी आपल्या रानातलीच.

ईव्हीवाल्याला परळीचं थर्मल वीज केंद्र आठवून द्या, कोळशावरचंच, अन २०१५ ला पाणी नाही म्हणून बंद पडलेलं. तरी स्कूटर शंभर किलोमीटरला तीनेक युनिट खाती, पेट्रोलची दोन लिटर पिती, हिशोब ईव्हीच्या बाजूनंच आहे. रोजचं येणं-जाणं ठरलेलं अन चार्जिंग घरच्या मीटरवर असेल तर घ्या, घरावर सोलर असेल तर अजूनच बरं, तीन किलोवॅटला केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे. लाईट रात्रभर गुल राहणाऱ्या गावात थांबा जरा.

मी यंदा रोटा एकदाच मारला, एकरभर हरभरा तसाच टोचला. उगवण बरी आहे. शेजारचे मामा दोनदा बांधावरून बघून गेलेत, अजून काही बोलले नाहीत.