घरी शिकणाऱ्या भावंडांसाठी स्वतंत्र नोंदवह्या
घरीच शिकणाऱ्या भावंडांपैकी धाकटी पुढे आणि थोरला मागे असेल, तर दोघांचे गुण शेजारी मांडू नयेत. थोरला त्याने फार खचतो. कापूस विकल्याची काट्याची पावती दोघांपुढे ठेवावी, थोरल्याने वजनांची बेरीज करावी आणि धाकटीने क्विंटलच्या भावाने रक्कम काढून त्यातून हमाली-तोलाई वजा करावी. प्रत्येकाच्या वहीत तारीख टाकून स्वतःहून काय जमले तेवढेच लिहावे आणि पुढची चाचणी त्याच वहीतील मागच्या नोंदीशी ताडावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीची नोंदणी 5 वर्षे चालते, त्यामुळे विषय थोडेथोडे करून देता येतात. मात्र प्रवेशासाठी वयाची 14 वर्षे पूर्ण लागतात, म्हणून जन्मदाखला ग्रामपंचायतीतून आधीच काढून ठेवावा.